तुळई आतून जळली होती

ठाकूरद्वारच्या एका वाडीत आमच्या घरचा लग्नाचा हॉल आहे. खालच्या मजल्यावर पंगत, वरच्या मजल्यावर लग्न. पणजोबांनी राहायला बांधलेलं घर आजोबांनी हॉल करून टाकलं आणि तेव्हापासून निम्म्या गिरगावाची लग्नं आपल्याकडे लागली, असं आत्या सांगते. निम्म्या हा अंदाज तिचा, माझा नाही.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची बहीण. तिने स्वतः लग्न केलं नाही, पण कुठल्या विहिणीला कुणाशेजारी बसवायचं नाही, कुठले गुरुजी मुहूर्त चुकवतात, श्रीखंड नेमकं कुठल्या पंगतीला कमी पडतं, हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. बाबा गेले आणि हॉल एकटीच्या गळ्यात पडला तेव्हा ती सत्तरीला आली होती. मी लोअर परळला एका काचेच्या इमारतीत नोकरी करत होते. दिवसभर मीटिंगा आणि संध्याकाळी त्या मीटिंगांबद्दलच्या मीटिंगा. मी राजीनामा दिला आणि आत्याच्या हाताखाली आले. लोकांना वाटतं आता मालकीण मी आहे. त्यांना वाटू दे.

मी आले त्याच वर्षी दादरला हॉलवाल्यांची एक बैठक झाली. चहाच्या वेळी लालबागच्या बाजूचे एक गृहस्थ माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांचाही हॉल होता. होता असंच ते म्हणाले, म्हणून मी विचारलं.

"आग लागली," ते म्हणाले. "फार मोठी नव्हती. विमा होता, कंपनीने पैसेही दिले. जळलं ते जसं होतं तसं परत बांधायला लागतील तेवढे."

"मग?"

"मग काय ताई, जसं होतं तसं बांधू देतो कोण? माझा हॉल जुना. लाकडी जिना, एकच वाट, दारं आत उघडणारी. जुनं होतं तोवर कुणी हात लावला नाही. पण नव्याने बांधायचं म्हटल्यावर आजचे नियम लागले. जिना काँक्रीटचा, तोही रुंद. दुसरा जिना वेगळा. पाण्याची टाकी, पाइप, सगळं. जुन्याचे पैसे घेऊन नवं कसं बांधणार? शेवटी शटर ओढलं."

ते चहा पीत राहिले. माझा चहा हातातच राहिला, कारण त्यांनी वर्णन केलेला हॉल शब्दन् शब्द आमचा होता.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या विमा एजंटला बोलावलं. तो म्हणाला, "आहे की. लोकल अथॉरिटीज क्लॉज म्हणतात त्याला. परत बांधताना पालिकेच्या नियमांमुळे जो जास्तीचा खर्च येतो, तो त्यात मिळतो. पण कोणी घेत नाही. विम्याची रक्कम आजच्या बांधकामाच्या भावाने वाढवावी लागते, हप्ता वाढतो."

आत्या खुर्चीत बसून ऐकत होती. म्हणाली, "इतकी वर्षं काही झालं नाही."

"आत्या, समज भटारखाना जळला. कंपनी तुला लाकडी भटारखान्याचे पैसे देईल. तो लाकडी भटारखाना तुला आज कोण बांधू देणार आहे?"

ती खिडकीतून खाली बघत बसली. वाडीतून एक वरात निघायची होती, घोडा हलायला तयार नव्हता. घोडा हलला तशी ती वळली आणि म्हणाली, "घे. पण हप्ता भरताना मला सांगू नकोस किती तो."

आम्ही घेतलं आणि विसरून गेलो. आणि मग एका आषाढात हॉलला खरंच आग लागली.

मुहूर्त संपले होते. आचारी गावाला गेले होते. मंडपाचे पडदे, गाद्या, लोड, सगळं धुऊन मागच्या कोठीच्या खोलीत रचून ठेवलं होतं. सकाळची वेळ, आत्या ऑफिसच्या फोनवर कुणाला तरी मुंजीसाठी ताटाचा दर समजावत होती. मला आधी वास आला. कापड जळल्याचा, इस्त्री विसरल्यासारखा. मी मागे धावले. खोलीचं दार गरम होतं आणि दाराच्या फटीतून धूर असा येत होता की जणू आतून कुणी फुंकतंय.

"आत्या, फोन ठेव! बाहेर चल!"

"अगं, ते लोक..."

"ठेव!"

तिला मी अक्षरशः दंडाला धरून खाली आणलं. झाडलोट करणाऱ्या बाई ओरडत आमच्या पुढे धावल्या. आम्ही तिघी वाडीत पोचतोय तोवर मागच्या खिडकीच्या काचा फुटल्या. फायर ब्रिगेडला कुणी फोन केला माहीत नाही, बहुतेक सगळ्यांनीच केला असावा, कारण मी लावला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "निघालीय गाडी, वाट मोकळी ठेवा." वाट कुठली मोकळी? वाडीच्या तोंडाशी स्कूटरची रांग. तेव्हा मी आमची वाडी काय चीज आहे ते पाहिलं. बनियनमधले काका, कॉलेजला निघालेल्या मुली, खालचा शिंपी, सगळे भिडले. कुलूप लावलेल्या स्कूटर उचलून, शब्दशः उचलून, लोकांच्या ओट्यांवर नेऊन ठेवल्या. बंब आत आला तेव्हा दोन्ही बाजूंना हात जाईल एवढीसुद्धा जागा नव्हती.

आत्या समोरच्या घराच्या पायरीवर अनवाणी उभी होती. कुणीतरी तिला चपला आणून दिल्या, एका पायाची निळी, एका पायाची तपकिरी. तिने त्या घातल्या आणि हॉलकडे बघत राहिली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "पुढची बाजू वाचतेय बघ. पाणी बरोबर मारताहेत."

पुढची बाजू वाचली. दगडाच्या भिंती, मोठा हॉल, दर्शनी जिना तसाच उभा. मागचा भटारखाना, कोठीची खोली, त्यांच्यावरचं लाकडी छत, खालच्या पंगतीच्या जागेची मागची अर्धी बाजू गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. जवान निघताना मी त्यांना पाणी द्यायला गेले तर हॉलमध्ये पेलाच सापडेना. सगळे पेले भटारखान्यात होते.

पाहणीला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. उंच, हळू बोलणारा, साठीच्या आसपासचा माणूस. राखेतून चालताना पँट वर दुमडून घेतली होती. सगळं बघून झाल्यावर तो पुढच्या हॉलमध्ये आमच्यासमोर बसला.

"तुमच्याकडे नव्या नियमांचं कलम आहे," तो म्हणाला. "फार कमी लोकांकडे दिसतं. पण त्याच्या अटी नीट ऐका. पहिली, आगीच्या आधी पालिकेने तुम्हाला हे बदला, ते बदला अशी काही नोटीस दिली होती का? दिली असेल तर त्याचा खर्च मिळणार नाही."

"नाही," आत्या म्हणाली.

"एकही?"

"अहो, मी या वास्तूत जन्मले. पोस्टमन आधी मला भेटतो, मग गणपतीला."

तो हसला नाही, पण चेहरा जरा सैल पडला. "दुसरी, फक्त जे जळलं, त्यालाच हे कलम लागतं. शाबूत भाग नव्या नियमात बसवायचा असेल तर तो खर्च तुमचा. तिसरी, काम वर्षाच्या आत पुरं व्हायला हवं. रेंगाळलं तर कंपनी जुन्या, वापरलेल्या बांधकामाची किंमत धरणार. मग हे कलम असून नसल्यासारखं."

वर्षाच्या आत. मुंबईत. मी आत्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे. आणि त्याच आठवड्यात ती मुलगी आली.

काळाचौकीची. शिवडीला एका मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरीला होती. पुढच्या ज्येष्ठातलं तिचं लग्न आमच्याकडे ठरलेलं होतं. तिचे वडील बरोबर होते आणि त्यांचा चेहरा बघूनच कळत होतं की ते अनामत परत मागायला आलेत. मुलगी मात्र सरळ मागच्या बाजूला गेली, जळलेल्या खोलीत उभी राहून वरच्या आभाळाकडे बघून आली.

"ताई, ज्येष्ठापर्यंत होईल का हो?"

"अगं," वडील म्हणाले, "दादरला दुसरा बघू या ना."

"पपा, दादरच्या हॉलमध्ये स्टेजपर्यंत जायला लिफ्टची लाइन लागते. मला इथलंच पायजे." मग माझ्याकडे वळून, "मला फक्त खरं सांगा. होईल?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "होईल."

ते गेल्यावर आत्याने दार लावून घेतलं. "तू कुठल्या जोरावर हो म्हणालीस?"

"सर्व्हेअर म्हणाला ना, वर्षाच्या आत. ज्येष्ठ वर्षाच्या आतच येतो. नाहीतरी आपल्याला तेवढ्यातच संपवायचंय."

आत्याने बोटांवर महिने मोजले. मग तिच्या तोंडावर मी लहानपणी पाहिलेलं एक हसू आलं, पत्त्यात हुकूम हातात आल्यावरचं. "अगदी बापावर गेलीस," ती म्हणाली. "चल, आर्किटेक्ट शोध."

आर्किटेक्ट शोधायची गरज नव्हती. माझा कॉलेजमधला मित्र परळला राहतो, जुन्या इमारतींचीच कामं करतो. मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू आहेस कुठे? तिथेच थांब, मी आलो." आला तो हातात हेल्मेट घेऊनच. मागच्या बाजूला उभा राहून त्याने जळक्या भिंतीवर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली.

"हे बघ. इथे दुसरा जिना. काँक्रीटचा, थेट मागच्या गल्लीत उतरणारा. भटारखान्याला स्वतंत्र भिंत, आग अडवणारं दार. टाकी वर. छताला पाण्याचे फवारे. दारं सगळी बाहेर उघडणारी. आणि इथून खाली रॅम्प, व्हीलचेअरसाठी. हे सगळं आजच्या नियमाने लागतं, आणि हे सगळं जळलेल्या भागात आहे. म्हणजे तुमच्या त्या कलमात बसतं. कळतंय का तुला? तुमचा हॉल आधी होता त्याच्यापेक्षा भारी होणार!"

तो बोलत होता आणि मला दिसत होतं. राखेच्या वासात उभी राहून मला तो जिना, ते दार, तो उजेड दिसत होता. आत्याने मागून विचारलं, "आणि पुढचा जिना?"

मित्राचा खडू थांबला.

पुढचा जिना लाकडी. सुंदर, कोरीव कठड्याचा, पण अरुंद. मित्राने पालिकेत जाऊन विचारलं तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने स्पष्ट सांगितलं: एवढा मोठा भाग नव्याने बांधताय आणि जागा लोकांच्या गर्दीची आहे, तर मुख्य जिनाही नियमात आणा, नाहीतर परवानगी देता येणार नाही. त्याचं काही चूक नव्हतं. आणि तो जिना जळलेला नव्हता. म्हणजे त्याचा सगळा खर्च आमचा, आणि तो आमच्या आवाक्यातला नव्हता. मागचं सगळं मंजूर होऊन पुढच्या जिन्याशी अडणार होतं. लालबागच्या त्या गृहस्थांचं शटर माझ्या डोळ्यांपुढे आलं.

ठेकेदार तोवर नेमला होता, आत्याच्या ओळखीतला, जुना माणूस. त्याला हे कळलं तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, आग तुमच्याच घरात लागली ना? मग त्या जिन्याला थोडी झळ लागली असं दाखवायला काय लागतं? एक दुपार द्या मला."

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरकला.

"जिना जळला नाही तर नाही जळला," ती म्हणाली. "परत हे बोललास तर दुसरा ठेकेदार बघेन. तुझ्या पोरीचं लग्न लावलंय मी या हॉलात, विसरू नकोस."

तो माफी मागून कामाला लागला. आम्ही मात्र अडकलो ते अडकलोच. आठवडा गेला. मित्र रोज येत होता, कागद पसरत होता, गुंडाळत होता. एका दुपारी त्याने पुढच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून डबा खाल्ला आणि उठताना सवयीने हातोडीच्या दांड्याने खालच्या लाकडावर ठोकलं. इंजिनियर लोक ठोकतात तसं, काही कारण नसताना.

त्याने परत ठोकलं. मग दोन हात पुढे ठोकलं.

"ए, इकडे ये," त्याने हाक मारली. "हे ऐक. इथे." टण्ण. "आणि इथे." थप.

"म्हणजे?"

"म्हणजे आत पोकळ आहे."

जिन्याचा वरचा चौक ज्या तुळईवर टेकला होता, ती तुळई भिंतीतून आरपार मागे जात होती, थेट कोठीच्या खोलीत. मागचं तिचं टोक जळालं होतं ते आम्ही पाहिलं होतं. पण भिंतीच्या आत, प्लास्टरच्या मागे, विस्तव तिच्या पोटातून रांगत पुढे आला असेल हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मित्राने ठेकेदाराला बोलावून प्लास्टरचा एक पोपडा काढायला लावला. खाली काळंकुट्ट. त्याने बोट लावलं, कोळसा चुरडून खाली सांडला.

मित्राने ते काळं बोट माझ्यासमोर धरलं. मग एकदम ओरडला, "जळलंय! अरे, जळलंय!"

आत्या ऑफिसातून धावत आली. "काय जळलं? परत काय जळलं?"

"आत्या, तुळई! जिन्याची तुळई! आतून जळलीय!"

तिला अर्थ लागायला क्षणभर लागला. मग तिने दोन्ही हात कपाळाला लावले आणि मोठ्याने हसायला लागली. मी तिला मिठी मारली, मित्राने आम्हा दोघींना मिठी मारली, ठेकेदार खाली उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. जळकं लाकूड बघून इतका आनंद कुणाला झाला असेल का? बाई झाडू घेऊन वर आल्या, आमच्याकडे बघितलं आणि काहीही न विचारता परत गेल्या.

"तो चौक आता वापरायचा नाही," मित्र भानावर येत म्हणाला. "कुणीच वर उभं राहू नका. उतरा, उतरा!" आणि आम्ही सगळे हसत हसत, भिंतीला धरून, एकामागून एक खाली आलो.

मी सर्व्हेअरना फोन केला. आत्याने बजावलं, "काही हलवू नका. ते येईपर्यंत त्या पोपड्यालाही हात लावायचा नाही." ते आले तेव्हा ठेकेदाराने खालून शिडी लावून ठेवली होती. त्यांनी खिशातून छोटा चाकू काढला, तुळईला खरवडलं, आणखी आत खरवडलं. भिंतीच्या दुसऱ्या बाजूने जाऊन तीच तुळई मागून पाहिली. फोटो काढले. आम्ही खाली रांगेत उभे, लग्नात अक्षता हातात धरून उभे असतो तसे.

ते उतरले, हात झटकले.

"तुम्ही हे स्वतःच उघडलंत?"

"हो," मित्र म्हणाला. "ठोकल्यावर आवाज वेगळा आला."

"आग इथवर आतून आलीय. मूळ लाकडाचा आधार गेलाय. या तुळईवर जिन्याचा चौक, चौकावर जिना." त्यांनी वही उघडली. "मी जे आहे ते लिहिणार. जिना आगीत बाधित झालाय. तो उतरवावा लागेल, आणि परत करताना आजच्या नियमाने करावा लागेल. पुढचं कंपनी ठरवेल, पण माझ्या मते हे कलमात बसतं."

आत्याने त्यांना कोकम सरबत दिलं. ते नको म्हणत होते, तिने हातात पेला ठेवला.

कंपनीने मान्य केलं. तो फोन आला तेव्हा मी भुलेश्वरला झुंबराच्या दुकानात होते, आणि दुकानदाराच्या देखत मी एक उडी मारली. तो म्हणाला, "मॅडम, जपून, वर काच आहे."

मग जे वर्ष गेलं ते मी परत जगायला तयार आहे. इतकी दमले नव्हते कधी आणि इतकी जिवंतही नव्हते. परवानगी आली. कोरीव कठडा उतरवताना आत्या स्वतः उभी राहिली, प्रत्येक लाकडाला क्रमांक लावून घेतला. काँक्रीटच्या रुंद जिन्याला तोच कठडा परत बसवायचा, असा तिचा हट्ट. मित्र म्हणाला उंची कमी पडते, नियमाला चालणार नाही. मग त्याने खाली लोखंडी पट्टी देऊन उंची काढली आणि तो हट्ट पुरा केला. ओतकामाच्या दिवशी मिक्सर वाडीत शिरत नव्हता, म्हणून तो तोंडाशी ठेवून पाइपने काँक्रीट आत नेलं. वाडीतली सगळी पोरं शाळा बुडवून बघायला. आया ओरडायला आल्या आणि त्यासुद्धा बघत उभ्या राहिल्या. मागचा जिना उभा राहिला तेव्हा फळ्या काढायच्या आधीच आत्या वर जाऊन आली. उतरताना म्हणाली, "पायरी पायाला बसते हं. जुन्या जिन्यावर मी दर वेळी गुडघ्याला सॉरी म्हणायचे."

ती काळाचौकीची मुलगी अधूनमधून यायची. कधी बूट घालून वर चढायची, कधी नुसता फोटो काढून जायची. एकदा म्हणाली, "ताई, आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहितीय तुमच्या टाकीचं काय झालं." टाकीचं त्या आठवड्यात बरंच काही झालं होतं, पण शेवटी टाकी वर चढली.

ज्येष्ठ तोंडावर आला आणि अग्निशमनची अंतिम तपासणी लग्नाच्या दोन दिवस आधी ठरली. अधिकारी आले. दारं उघडून पाहिली, जिने मोजले, फवाऱ्यांचा दाब पाहिला. सगळं ठीक. मग अंगणात आले, होज पाइपच्या रिळाकडे बोट दाखवलं.

"हा कोण चालवणार? आग लागली की आम्ही येईपर्यंत इथल्याच कुणीतरी चालवला पाहिजे. दाखवा चालवून."

ठेकेदार पुढे झाला. अधिकारी म्हणाले, "तुम्ही नाही. इथे रोज असतो तो माणूस."

"मग मी," आत्या म्हणाली.

मी थांबवेपर्यंत तिने पदर खोचला आणि नळी हातात घेतली. अधिकाऱ्याने सांगितलं तसं नळीचं तोंड फिरवलं. पाणी आलं ते असं की आत्या दोन पावलं मागे गेली, पण तिने नळी सोडली नाही. धार वर उसळली आणि समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या सगळ्या चादरींना न्हाऊ घातलं. तिथल्या काकू खिडकीत आल्या, तोंडावर पाणी, हातात चिमटे.

"अगं! आग लागली का परत?"

"नाही हो!" आत्या नळी खाली वळवत ओरडली. "पास झालो!"

अधिकाऱ्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "अजून झाला नाहीत," ते म्हणाले, आणि मग हसून, "पण व्हाल."

दुसऱ्या दिवशी ना-हरकत मिळाली. वर्ष संपायला थोडेच दिवस उरले होते. राहिलेला विम्याचा हिशेब मिटायला आणखी काही महिने लागले, पण मिटला. मित्राला आत्याने घरी बोलावून कोलंबीचं भानोळं खाऊ घातलं. तो अजून त्याच्याबद्दल बोलतो, हॉलबद्दल कमी.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी हॉल उघडायला गेले तर ती मुलगी आधीच येऊन बसली होती, हातावरची मेंदी जपत, नव्या जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर.

"मला आधी एकदा चढून बघायचं होतं," ती म्हणाली. "गर्दी व्हायच्या आत."

"चढ ना मग."

ती कठड्याला हात न लावता, शालू सावरत चढली. मधल्या चौकात थांबून खाली बघितलं. "ताई, माझ्या शेजारी अजून दोन माणसं चालू शकतात!" आणि परत खाली उतरून परत चढली.

मुहूर्त सकाळचा होता. वऱ्हाड आलं, सनई लागली, माणसं वर-खाली करायला लागली आणि मला प्रथमच कळलं की जिन्यावर चेंगराचेंगरी होत नाहीये. नवऱ्याची आजी व्हीलचेअरमध्ये आली, मागच्या रॅम्पवरून सरळ पंगतीच्या हॉलमध्ये शिरली आणि सगळ्यांच्या आधी ताट मागून जेवायला बसली. मंगलाष्टकं संपली, टाळ्या, अक्षता, गडबड. मी हात जोडून एका बाजूला उभी होते. डोळे भरून आले होते, ते पुसायलाही सवड नव्हती, कारण फुलवाला पैसे मागत होता.

आत्या कुठे दिसेना. शोधत मागे गेले तर ती दुसऱ्या जिन्याच्या दारापाशी उभी. पैठणी, नाकात नथ, आणि भोवती मुलीकडचे दहा-बारा पाहुणे.

"हे दार बघा. ढकला. ढकला ना! बाहेर उघडतं. गर्दी धावत आली तरी अडत नाही. आणि वर ते लाल दिसतंय ना, ते गरम झालं की आपोआप पाणी सोडतं."

"आजी," एका तरुणाने नम्रपणे विचारलं, "जेवण कुठल्या बाजूला आहे?"

"सांगते," आत्या म्हणाली. "आधी टाकी बघून घ्या."